आत्याचा तीळ, बाबांचा तीळ

रात्रीचे साडेदहा झालेत. झोप येत नाही.

जनुकीय समुपदेशक बाईंनी आज कागदावर आमची वंशावळ काढली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. बाबांचा चौकोन काळा झाला, आत्याचा गोलही. दोघांनाही मेलॅनोमा, म्हणजे तिळासारखा दिसू शकणारा त्वचेचा कर्करोग. आजोबांपाशी पेन थांबलं. त्यांच्या पाठीवर 'काळी गाठ' होती, एवढंच घरात बोललं जायचं. तिथे प्रश्नचिन्ह आलं. माझा गोल अजून कोरा आहे. त्याखाली लेकीचा. तिकडे मला बघवेना.

इतकी वर्षं मी धरून चालले होते की असा कर्करोगच वारशाने येतो. येतो तो बिघडलेला ब्रेक. नवव्या गुणसूत्रावर सीडीकेएन२ए नावाचं जनुक असतं. पेशी वाटेल तशा विभागू नयेत म्हणून ते आवर घालतं. मेलॅनोमाच्या घराण्यांशी त्याचं नातं १९९४ साली उघड झालं. त्याच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक जन्मतःच नादुरुस्त असली तरी दुसरी निभावून नेते. पण एखाद्या पेशीत तीही गेली, की त्या पेशीला धरबंद राहत नाही. उन्हाने दुसरी प्रत बिघडू शकते, म्हणून आमच्यासारख्यांनी ऊन जपायचं. बाबांमध्ये हा दोष असेल, तर माझ्यात यायची शक्यता ५० टक्के. माझ्यात असेल तर लेकीचीही तेवढीच.

मेलॅनोमाच्या फार थोड्या रुग्णांच्या घरात असा वारसा सापडतो. आणि जनुकांच्या चाचणीत काही निघालं नाही, तरी सुटलो असं नाही. कित्येक घराण्यांत कारणीभूत जनुक हाती लागतच नाही. हे ऐकून मी खचले, खोटं कशाला लिहू.

१८२० साली विल्यम नॉरिस या इंग्रज डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत छापली. त्याचे वडीलही अशाच आजाराने गेले होते. जनुक हा शब्दही नव्हता तेव्हा, तरी हे घराण्यात चालत येतं असा संशय त्यांना आला. त्यांनी नुसतं विचारलं होतं, घरात आणखी कुणाला होतं का. आम्ही आजोबांबद्दल तेवढंही कधी विचारलं नाही.

चाचणीसाठी रक्त दिलं. घरी येऊन आत्याच्या मुलाला फोन केला. "खांद्यावरचा तीळ ना? लहानपणापासून आहे गं, ताई." कडा बदलल्यात का, रंग एकसारखा आहे का, त्याला सांगता येईना. तज्ज्ञांकडे माझ्यासोबत त्याचंही नाव लावलंय. वहिनी सकाळी उजेडात फोटो काढून पाठवणार आहे. तिळाशेजारी मोजपट्टी ठेवायला सांगितलीय.