बायबलवरचे सिनेमे मला का पटत नाहीत

ठाण्यात मी संडे स्कूल घेते हे कळलं की हमखास हा प्रश्न येतो. चर्चमधले विचारतात, सोसायटीतल्या काकूही विचारतात: ‘मुलांना बायबलवरचा एखादा सिनेमा का नाही दाखवत? कसं सगळं डोळ्यांसमोर उभं राहील!’ एरवी मी ‘बघू’ म्हणून सटकते. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

डॅरन अरोनोफ्स्कीचा 2014 चा ‘नोआ’ घ्या. जलप्रलयात तारू, म्हणजे मोठं जहाज, बांधून घरच्यांना आणि प्राण्यांना वाचवणारा तो बायबलातला नोहा. तारू झकास बांधलंय. नेहमीच्या चित्रांतलं टोकदार जहाज नाही, तर उत्पत्तीतल्या (बायबलाचं पहिलं पुस्तक) 300 हात लांब, 50 रुंद, 30 उंच या मापाला शोभेल अशी सरळसोट पेटी. मी खूश! पण मग दगडी राक्षस बांधकामाला येतात, सिनेमातला खलनायक तुबल-काइन चोरून तारवात शिरतो आणि दोन मुलांना बायकाच नसतात. बायबलात तर तिन्ही सुना तारवात चढतात. शेवटी नोहा नवजात नातींवर सुरी उगारतो. ही सुरी अब्राहामाची, देवाच्या आज्ञेवरून पोटच्या मुलाचा बळी द्यायला निघालेल्या त्या दुसऱ्या कथेतल्या बापाची. थरार कमी पडला म्हणून इकडे उसनी आणली, दुसरं काय!

मूळ कथेत जलप्रलय येऊन ओसरेपर्यंत नोहाच्या तोंडी एकही वाक्य नाही. देव सांगतो, तो करतो. पहिल्यांदा बोलतो ते नवव्या अध्यायात, द्राक्षारस उतरल्यावर, आणि तोही शाप. पाणी ओसरलं का पाहायला सोडलेलं कबुतर टेकायला जागा न मिळून परत येतं, तेव्हा नोहा हात बाहेर काढून त्याला धरतो आणि आत घेतो. या माणसाची माया मला तेवढ्या हातातच दिसते. तो गप्प का होता, यावर माझ्या वर्गातली मुलं तासभर भांडतात. पडद्यावर भांडायला काही उरतच नाही.

पदरचं घातलं म्हणून माझी तक्रार नाही हं. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने 1616 साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त बायबलच्या कथांवर मराठीत हजारो ओव्या रचल्या, त्या काही पदरचं न घालता नाहीत. पण माणूस बदलून टाकू नये. 2014 च्याच रिडली स्कॉटच्या ‘एक्झोडस’मध्ये मोशे तलवारबहाद्दर सेनापती आहे. निर्गम या बायबलाच्या दुसऱ्या पुस्तकातला मोशे, इजिप्तच्या गुलामीतून आपल्या लोकांना सोडवणारा, 80 वर्षांचा. मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, म्हणून देवाशी हुज्जत घालणारा. शेवटी बोलायला भाऊ अहरोन द्यावा लागतो. असा माणूस फारोसमोर, म्हणजे इजिप्तच्या राजासमोर, उभा राहतो, यातच तर सगळी गंमत आहे!

अपवाद सांगायचा तर 1998 चं ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हे कार्टून. फारो ऐकत नाही म्हणून देव इजिप्तमधल्या घराघरातला थोरला मुलगा मारतो, ती प्रथमपुत्रांच्या मृत्यूची रात्र आहे त्यात. एक पोरगा मडकं घेऊन दारातून आत जातो. मडकं घरंगळत बाहेर येतं, उंबऱ्याशी त्याचा हात दिसतो. रडारड नाही, भाषण नाही. तेवढा मी मुलांना दाखवीन, तोही निर्गम वाचून झाल्यावर.

बाकीचे तुम्ही खुशाल बघा. पण आधी उत्पत्तीचे 6 ते 9 अध्याय वाचा. ठाण्याहून फास्ट लोकलला बसायला मिळालं तर दादरच्या आत होतात. आणि ‘टीचर, पुरात माशांचं काय झालं?’ याचं उत्तर सापडलं तर मला कळवा, पोरं दरवर्षी विचारतात.