बॉक्स, बिल सगळं बरोबर होतं

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. बुधवारी आठवड्याचा बाजार, त्यामुळे गर्दी विचारू नका, चार्जिंग पिन, डिस्प्ले, बॅटरी, मान वर करायला वेळ नसतो. काजूचा सीझन चालू होता. एक बाई, तिची सासू आणि सातवीतला मुलगा असे तिघं आले. बाईने फोन काउंटरवर ठेवला आणि एवढंच विचारलं, "भाऊ, हा फोन तुमच्याकडे आला होता?"

मी रजिस्टर काढलं. पंधरा दिवसांपूर्वीची एंट्री, आमच्या पोऱ्याच्या अक्षरात: रिसेट, एफआरपी, ३०० रुपये. आयएमईआयचे, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतःच्या नंबरचे, शेवटचे चार आकडे जुळले.

एफआरपी म्हणजे फोन कोणी बाहेरून रिसेट मारला तर तो जुनं गूगल खातं मागतो, नाहीतर पुढे जाऊ देत नाही. अँड्रॉइडमध्ये हे २०१५ साली आलं, चोरीचे फोन विकले जाऊ नयेत म्हणून. ते लॉक काढायला लोक आमच्याकडे येतात आणि मी यात फार कडक आहे, बिल दाखवा, बॉक्स आणा, बॉक्सवरचा नंबर फोनशी जुळला तरच हात लावणार. बाजारात अशी दुकानं आहेत जिथे काहीच विचारत नाहीत, त्यांची मला चीड येते. आणि या मुलाने बॉक्स आणला होता, बिल आणलं होतं, बिलावर बापाचं नाव. आजीचा फोन आहे, पासवर्ड विसरली, असं सांगितलं. पोऱ्याने नियमाप्रमाणे सगळं बघितलं आणि काम करून दिलं.

खरं काय होतं तर बाप जहाजावर आहे. जायच्या आधी त्याने फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनवर लांबून लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप, बसवून दिलेलं, दिवसाला दीड तास, रात्री नऊला फोन बंद. मुलाला स्वतःच्या खात्याचा पासवर्ड पाठ होता, पण ते खातं टाकलं असतं तर बापाचं लॉक परत बसलं असतं, म्हणून त्याला एफआरपीच काढून नवीन खातं हवं होतं. मी खातं उघडून बघितलं, जन्मसाल १९९९. पोऱ्याने विचारलं असणार, मुलाने सांगितलं असणार, आणि समोर बारा वर्षांचा मुलगा उभा असताना आमच्याच माणसाने ते टाइप केलं. बापाला बंदरात नेट मिळालं तेव्हा कळलं की मुलाचा फोन त्याच्या यादीत पंधरा दिवस हललाच नाहीय. स्क्रीन टाइम बघितला तर रात्री अकरा ते दोन गेम, रोज. मुलगा आजीच्या खोलीत झोपतो.

मी सगळं काम बाजूला ठेवलं, रिसेट करून पुन्हा बसवायला घेतलं. बापाला व्हिडिओ कॉल लावला, त्याच्या परवानगीशिवाय पुढे जात नाही. मी त्याला म्हटलं, वहिनींना दुसरा पालक म्हणून जोडून टाका, तुम्ही महिनोन्महिने समुद्रात, इथे कोणाच्या तरी हातात पाहिजे. तो काही बोलायच्या आत बाईच म्हणाली, "नको हो. तो रडला की मी वेळ वाढवून देईन. माझ्याकडे नसलेलंच बरं."

मुलगा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून टेम्पर्ड ग्लासच्या पाकिटाचा कोपरा सोलत होता.

सासू इतका वेळ गप्प होती. आता पुढे आली. काजूच्या बियांच्या तेलाने तिची बोटं काळी पडलेली, कातडं निघालेलं. असे हात सीझनमध्ये रोज बघतो, सेन्सर घेत नाहीत, फिंगरप्रिंट बसत नाही म्हणून तक्रार घेऊन येतात. ती म्हणाली, "तीनशे मी दिले. बिया विकल्या त्यातले. फोन बिघडला म्हणाला." मग माझ्याकडे बघून, "तेव्हा बिघडला नव्हता?"

नव्हता, म्हटलं. गल्ल्यातले तीनशे काढून दिले. तिने घेतले, मोजले, पदराला बांधले.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खाती ठेवायला बंदी केली, आपल्या गोव्यातही तसं करायचा विचार आहे म्हणतात, करावाच. पण वय शेवटी कोणीतरी टाइप करतो, आणि ते आमच्यासारख्या काउंटरवर होतं, याचा विचार कोणी करताना दिसत नाही.

रजिस्टरमध्ये मी एक नवीन रकाना आखला, पालकाशी बोललो का. मूल एकटं आलं तर फोन करायचा, मगच काम. पुढच्याच आठवड्यात नववीतली एक मुलगी आली, तसंच लॉक. मी तिच्या आईला फोन लावला, सगळं नीट सांगितलं. आई म्हणाली, "काढून टाका हो ते, रोज घरात रडारड नको."

रकान्यात "हो" लिहिलं आणि लॉक काढून दिलं.