एका वेळी पन्नास की दिवसाला पन्नास?

तहसील कचेरीतला तो लाकडी बाक आठवला की अजून डोकं तापतं. जानेवारी २०२२ मध्ये त्या बाकावर मी दोन दुपारी काढल्या, आणि त्याही जो प्रश्न मुळात कुणाला विचारायचाच नव्हता त्यासाठी. पुन्हा कधी साथ आली तर दुसऱ्या एखाद्या चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरीने हा मूर्खपणा करू नये, म्हणून लिहितोय.

आमचं चर्च नगर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. दगडी बांधकाम, उंच छत, रविवारी दीडशेच्या आसपास माणसं. ८ जानेवारीच्या शनिवारी कोरोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकारामुळे सरकारचा नवा आदेश आला: १० तारखेपासून धार्मिक कार्यक्रमाला जास्तीत जास्त ५० जण. रविवारच्या उपासनेनंतर चर्चचा कारभार पाहणारी पंच कमिटी बसली. एकाऐवजी तीन उपासना, विभागवार याद्या, प्रत्येकीला ५०च्या आत माणसं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तीनदा संदेश द्यायला तयार झाले. दहा मिनिटांत ठराव झाला.

उठता उठता एक काका म्हणाले, "सेक्रेटरी, एक परवानगी काढून ठेवा. उगाच कुणी बोट दाखवायला नको."

सोमवारी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी मोबाइलवर आदेश उघडला आणि दुसऱ्याच कलमावर बोट ठेवलं. त्याच आदेशात दिवसा पाच किंवा जास्त जणांनी घोळक्याने फिरायला मनाई होती. "पाच का पन्नास, ते तहसीलला विचारा."

तहसीलमध्ये छापील अर्ज. कार्यक्रमाचा प्रकार: लग्न, सभा, मिरवणूक, इतर. मी 'इतर'पुढे 'उपासना' लिहिलं.

"उपोषण का?" क्लार्कने विचारलं.

"नाही हो, उपासना. प्रार्थना."

"मग तसं लिहा ना." खाडाखोड चालत नाही, म्हणून नवा अर्ज.

"एकूण किती माणसं?"

"एकशे चाळीस. पण तीन वेळा मिळून. एका वेळी पन्नासच्या आत."

"आदेशात 'एका वेळी' असं कुठंय?"

"'एका दिवशी' असंही कुठं लिहिलंय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साहेब मीटिंगला आहेत. बसा."

बसलो. पाच वाजता कळलं, साहेब परस्पर घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत तोच बाक. साहेब भेटले आणि म्हणाले, नगरपालिकेचं ना हरकत पत्र जोडा. नगरपालिकेत म्हणाले, तुमच्या खाजगी आवारात आमचा काय संबंध, पोलिसांचं पत्र असेल तर शेरा मारू. म्हणजे पुन्हा हवालदार. ते जेवायला गेले होते.

राग याचा, की एवढ्या फेऱ्यांत तिन्ही ठिकाणी मला एकाने विचारलं नाही की तुमच्या चर्चला खिडक्या किती, त्या उघडतात का, तुम्ही गाता का, म्हातारी माणसं किती. पन्नास, पाच, एकशे चाळीस, एवढंच.

सुटका केली आमच्याच मंडळीतल्या एका निवृत्त अव्वल कारकुनांनी. ते हसले आणि म्हणाले, "परवानगी मागितली की नाही म्हणायची सोय होते. माहितीस्तव पत्र द्या आणि पोच घ्या." शुक्रवारी वेळा, संख्या, मास्क, सगळं एका पानात लिहिलं. विषय: 'माहितीस्तव सादर'. तिन्ही कार्यालयांत आवक शिक्का मिळायला मिळून अर्धा तास लागला नाही. नंतर कुणी विचारायलाही आलं नाही. दोन प्रती न्या, आणि शिक्क्याखाली तारीख आहे ना बघा. आमच्या एका प्रतीवर नव्हती, पुन्हा जावं लागलं.

मी खेटे घालत होतो तेव्हा खरं काम तरुण संघाने केलं. बारा खिडक्या, सगळ्या ऑइल पेंटने चिकटून बसलेल्या. पोरांनी पट्टीने खरवडून नऊ मोकळ्या केल्या. भाचीकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र होतं. उघड्यावर ४२०च्या आसपास आकडा (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). पहिल्या उपासनेला थंडी म्हणून दारं लोटलेली. तिसऱ्या गीतापर्यंत आकडा १४००च्या वर. म्हणजे आपण एकमेकांचा उच्छ्वास घेत बसलो होतो. खिडक्या उघडल्या, मागच्या दारात बाहेर तोंड करून पंखा लावला, मग तो ८००च्या खाली राहिला. पाळकसाहेबांनी तो आकडाच वाचून दाखवला. त्यानंतर खिडक्यांवरून कुणी कुरकुर केली नाही.

कुरकुर झाली ती गाण्यावरून. अमेरिकेत माउंट व्हर्नन गावात मार्च २०२० मध्ये गायकवृंदाचा अडीच तास सराव झाला; ६१ जणांपैकी ५३ आजारी पडले, दोघे दगावले. हे सांगितल्यावर आमचा गायकवृंद माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. शेवटी दोनच गीतं, तीही मास्क लावून आणि सावकाश. पेटी-तबल्याने जास्त भार उचलला. बाकांवर औषध फवारणं मात्र आम्ही सोडलं. रोग हवेतून पसरतो हे कळल्यावर बाकं पुसून माणसं दमवण्यात अर्थ नव्हता.

एक चूक माझी. वृद्धांना गर्दी नको म्हणून त्यांना सातची उपासना दिली. जानेवारीतली सकाळ, वर नऊ खिडक्या उघड्या. माझी आई घोंगडी पांघरून बसली आणि घरी आल्यावर म्हणाली, "कोरोनाने नाही, तुझ्या वेळापत्रकाने मरेन." पुढच्या रविवारपासून वृद्धांना साडेनऊची वेळ, अंगणात, उन्हात खुर्च्या. खोकला असेल त्याने यायचं नाही, हे दर शनिवारी विभागप्रमुख फोनवर सांगायचे. घरच्या चाचणीचं किट निगेटिव्ह आलं तरी. पाळकसाहेब अशा घरी जाऊन अंगणातूनच प्रार्थना करायचे, त्यामुळे न येण्याची लाज वाटली नाही. फेब्रुवारीतल्या प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला) एकच पेला न फिरवता छोटे ग्लास ठेवले. एका आजोबांना ते चहाच्या टपरीसारखं वाटलं, तरी त्यांनी घेतलं.

आणि हो, खिडक्या मोकळ्या कराल तेव्हा आधी हूक बसवा. आमच्या पहिल्याच रविवारी, ऐन पापांगीकाराच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापं कबूल करण्याच्या प्रार्थनेच्या, वेळी, वाऱ्याने एक झडप धाडकन आपटली आणि निम्मी मंडळी उभी राहिली.