ताटाची डावी बाजू

“बाबा ताटातलं उजवीकडचंच खातात. चटणी-कोशिंबीर तशीच राहते, वर वाढलीच नाही म्हणून चिडतात!” स्ट्रोकनंतर घरी आलेल्या आजोबांच्या सुनेची आजची तक्रार.

अहो, हा हट्ट नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला, विशेषतः पॅरायटल लोबच्या (मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाच्या) आसपास इजा झाली, की डोळे शाबूत असूनही डावीकडे लक्षच जात नाही. कागदावर लांब आडवी रेघ काढून मध्यावर खूण करायला सांगा. खूण बरीच उजवीकडे पडते.

आठवणीतही तेच. १९७८ साली बिसियाक आणि लुझ्झाती या इटालियन संशोधकांनी अशा रुग्णांना मिलान शहरातला कॅथेड्रलसमोरचा (मोठ्या चर्चसमोरचा) चौक मनात आणायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना केली, तर डावीकडच्या इमारती गळाल्या. मग कॅथेड्रलकडे पाठ केल्याची कल्पना केली, तर मघाशी गळालेल्याच इमारती सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या विसरल्या! म्हणजे माहिती डोक्यात होतीच.

म्हणून रागावू नका. ताट फिरवून द्या. डाव्या कडेला ठळक लाल पट्टी चिकटवा आणि “पट्टी दिसेपर्यंत मान वळवा” असं दरवेळी सांगा. रस्त्यावर मात्र त्यांच्या डावीकडून तुम्हीच चाला. तिकडून येणारी गाडी त्यांच्या लक्षातच येणार नाही.

तुमच्या घरी असं कुणी आहे का?