गप्प ससा आणि शांत ससा : आमची वाटचाल

यावल तालुक्यातील आमच्या घरात 2021 च्या उन्हाळ्यात मुलीच्या हट्टापायी एक पांढरा ससा आला, तेव्हा त्यातून एखादा व्यवसाय उभा राहील असे कोणाच्याही मनात नव्हते. घरचे काम केळीचे आणि सशाविषयीचे ज्ञान ‘तो गाजर खातो’ एवढेच, तेही अर्धवट. गाजर त्याला साखरेच्या खाऊसारखे चिमूटभरच द्यायचे असते, हे नंतर कळले. खानदेशातील मे महिना सशाच्या जिवावर बेततो. त्याला घाम येत नाही, अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो आणि तापमान 28 अंशांपलीकडे गेले की त्याला त्रास सुरू होतो; आमच्याकडे पारा 44 वर असतो. म्हणून आम्ही त्याचा पिंजरा कूलरला अगदी खेटून ठेवला होता. तो भेदरून रात्रभर मागचा पाय पिंजऱ्याच्या पत्र्यावर आपटत असे.

ओळखीच्या एका गृहस्थांनी कॅमोमाइल या शांत करणाऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीची वाळलेली फुले सुचवली. ती चिमूटभर दिली आणि त्याच संध्याकाळी, कूलरची घरघर आम्हालाच सोसेना म्हणून, पिंजराही माजघरात हलवला. दोन दिवसांत पाय आपटणे थांबले. श्रेय फुलांना मिळाले, कारण त्यांना पैसे मोजले होते.

त्या श्रेयावरच सशांसाठी वाळवलेला औषधी पाला विकण्याचा आमचा व्यवसाय सुरू झाला. कॅमोमाइल उत्तर प्रदेशातून मागवत होतो, परंतु पुदिना, सब्जाची पाने, तुळस, कोथिंबीर, शेपू आणि केळीच्या बांधावरचा गवती चहा हे सारे घरचेच होते. वाळवण्याची विद्या आमच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. चैत्र-वैशाखात जिथे बिबडे आणि कुरडया वाळतात, तिथेच ओसरीवर बाजा टाकून, त्यांवर जुनी लुगडी अंथरून आम्ही पाला पसरू लागलो. फरक एवढाच की बिबड्याला कडक ऊन लागते आणि पाल्याला सावली. उन्हात पुदिना एका दुपारीत तपकिरी पडतो आणि त्याचा वास उडतो. दहा किलो हिरव्या पुदिन्यातून जेमतेम किलोभर वाळलेली पाने हाती येतात. पान चिमटीत धरल्यावर कुरकुरीत तुटले पाहिजे. नुसते वाकले तर ते पुन्हा बाजेवर जाते. पहिल्या पावसाळ्यात ही परीक्षा आम्ही घाईत टाळली आणि श्रावणात बारा किलो मालाला बुरशी लागली. बुरशीचा पाला सशाच्या पोटात जाणे धोक्याचे असल्यामुळे तो सगळा उकिरड्यात गेला.

पाकिटावर आम्ही ठळक अक्षरांत छापले होते : ‘घाबरलेल्या सशाला शांत करते’. विक्री या एका ओळीमुळेच झाली, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत धुळ्याहून एका ग्राहक ताईंचा रात्री फोन आला. फटाके सुरू झाल्यापासून त्यांचा ससा कोपऱ्यात पाठ वर काढून बसला होता, डोळे अर्धवट मिटलेले, आणि दुपारपासून त्याने गवताची काडीही तोंडात घेतली नव्हती. मी त्यांना पाकिटातील मिश्रण थोडे अधिक द्या आणि सकाळपर्यंत वाट पाहा, असे सांगितले. सकाळी त्यांनी त्याला पशुवैद्यकाकडे नेले, तेव्हा आतडी जवळजवळ थांबलेली होती आणि दाढेला आलेल्या टोकाने जीभ सोलली होती. ससा वाचला, परंतु मी दिलेला सल्ला साफ चुकीचा होता. तो ससा शांत झालेला नव्हता, तो दुखण्याने गप्प बसला होता.

सशाला उलटी करता येत नाही. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, आणि भीतीने किंवा वेदनेने खाणे थांबले की ते मंदावते. बारा तास काही न खाल्लेला ससा हा तातडीने डॉक्टरकडे नेण्याचा विषय आहे. सशाला पाठीवर उताणे धरले की तो निश्चल होतो, आणि ‘बघा, कसा झोपला’ असे म्हणत काही विक्रेते ते कौतुकाने दाखवतात. वास्तविक शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यावर तो जे करतो तेच ते असते. हे समजल्यानंतर ती ओळ आम्ही पाकिटावरून काढून टाकली. त्या हंगामात विक्री निम्म्यावर आली आणि घरात त्यावरून बोलणीही झाली.

आता फोन आला की औषधी पाल्याचे नाव मी शेवटी घेते. शेवटचे कधी खाल्ले, लेंड्या पडतात का, त्या नेहमीएवढ्या मोठ्या आहेत की बारीक, दात करकर वाजवतो का, हे आधी विचारते. मग पिंजऱ्याची जागा, कुत्र्या-मांजराची ये-जा, लपायला दोन तोंडांचे खोके आहे की नाही, हे पाहायला सांगते. एपिजेनिन या कॅमोमाइलमधील घटकाचा सौम्य शामक परिणाम उंदरांवरील प्रयोगांत दिसला आहे, परंतु सशाच्या बाबतीत तेवढ्यावरून पाकिटावर दावा छापणे मला योग्य वाटत नाही. आमच्या पाहण्यात पाल्याचा खरा उपयोग वेगळाच आहे : वाळलेल्या गवतात चमचाभर सब्जा आणि पुदिना विखरून टाकला की बिचकलेला ससा वासामागे नाक हलवत बाहेर येतो, शोधू लागतो, आणि शोधता शोधता गवतही खातो. लव्हेंडरसारखी सुगंधी तेले मात्र आम्ही ठेवत नाही. ससा नाकानेच श्वास घेतो आणि बंद खोलीतील उग्र वास त्याला सोसत नाही.

त्यामुळे आज आमची निम्म्याहून अधिक उलाढाल साध्या गवताची आहे. सशाच्या आहाराचा सुमारे 80 टक्के भाग गवतच असावा लागतो, कारण आयुष्यभर वाढणारे त्याचे दात त्यानेच झिजतात. मारवेल हे चाऱ्याचे गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापून घेतो. कुसळी गवताची काडी आली तर गल्लीतील चार बाया ती वेचून बाजूला काढतात, कारण तिची कुसळे तोंडात आणि डोळ्यांत रुततात. लसूणघास मोठ्या सशासाठी मागितला तरी देत नाही, त्यात कॅल्शियम फार असते.

दिवाळीची पाकिटे आता आम्ही घट बसले की रवाना करतो. नवा पाला एका वेळी एकच, तोही चिमटीने सुरू करावा लागतो, आणि फटाक्यांच्या रात्री अनोळखी वास समोर आला तर घाबरलेला ससा त्याला तोंड लावत नाही. धुळ्याच्या त्या ताई दर वर्षी दोन किलो मारवेल आणि सब्जाचे एक छोटे पाकीट मागवतात. कॅमोमाइल त्यांनी पुन्हा कधी मागितले नाही.