काच चाटून जगतो म्हणे

“खायला काही टाकायची गरज नाही साहेब, काच चाटून जगतो हा.”

ॲक्वेरियमच्या दुकानात आज माझ्या शेजारच्या गृहस्थांना दुकानदाराने असं सांगितलं आणि फार्लोवेला नावाचा मासा पिशवीत भरला. टाकी कालच मांडलीय, असं ते आधीच बोलले होते. म्हणजे काचेवर शेवाळाचा कणही नसणार. नव्या पाण्यात अमोनिया वाढतो, तो याला अजिबात सोसत नाही.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

ओरिनोको-ॲमेझॉनच्या खोऱ्यांतला हा मासा. वाळक्या काडीसारखा बारीक, लांबुडकं नाक, अंगभर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. धोका दिसला की पळत नाही, निपचित पडून राहतो. उपाशी असला तरी तसाच! पोट खपाटीला गेलेलं कळतं ते काचेला चिकटल्यावर, खालच्या बाजूने बघितलं तरच. इतकं निरखून कोण बघतं?

त्याला मुरलेली, म्हणजे शेवाळ आणि अमोनिया पचवणारे जिवाणू आधीच जमलेली टाकी हवी, लाकडाचा ओंडका हवा, २४ ते २६ अंशांचं खेळतं, स्वच्छ पाणी हवं. आणि रात्री दिवा मालवल्यावर काकडीची किंवा उकडलेल्या दुधीची चकती.

गृहस्थांना बाहेर गाठून एवढं सांगितलं. ते ऐकत होते, तेवढ्यात त्यांच्या लेकीने पिशवी डोळ्यांपाशी धरून विचारलं, “काका, मग आज रात्री हा काय खाईल?”

माझ्या फिल्टरमधला, तसे जिवाणू असलेला जुना स्पंज आणि शेवाळलेले दोन दगड लगेच नेऊन दिले. पण मासा विकताना ही चार वाक्यं सांगायला दुकानात असा किती वेळ जातो?