जुनी रायफल बघायला गेलो होतो

आज लेकीसाठी सेकंडहँड एअर रायफल बघायला बाणेरला गेलो होतो, फाइनवर्कबाऊ ७०० (जर्मन कंपनीचं मॉडेल), लाकडी स्टॉक म्हणजे दस्ता, पॉलिश अशी की बघताक्षणी घ्यावीशी वाटली. पण कोचने बजावलं होतं, दिसण्यावर जाऊ नका, आधी रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची मुदतीची तारीख बघा. बघितली तर मुदत कधीच संपलेली, आणि त्यात २०० बार इतक्या प्रचंड दाबाने हवा भरतात हो, तिथे "चालतंय अजून" म्हणणं मला पटतच नाही, नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा व्हायलाच हवेत. मग एकेक स्क्रू बघितला. ट्रिगरजवळच्या एकाची खाच पार झिजलेली, म्हणजे कुणीतरी नक्की उघडलंय, मालक म्हणाले कधीच नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. बॅरल मात्र सुंदर, क्लबचं चांगलं सिलिंडर लावून १० मीटरवर टेकूवरून पाच पेलेट (छर्रे) मारले तर पाचही जवळजवळ एकाच भोकात!! तिथेच जीव अडकलाय. २०२४ ला नेमबाज स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ बघितल्यापासून पोरगी बालेवाडीच्या रेंजवर जातेय, रोज दुसऱ्याची रायफल मागून घेते. उद्या सिलिंडर आणि सर्व्हिसिंगचा खर्च धरून माझा भाव सांगणारे, तेवढ्यात देत असतील तर लगेच आणतो.